साधनांचे व्याकरण आणि मराठी ओठ

एकट्याने ॲनिमेशन करणाऱ्या कलावंताविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले-बोलले जाते, त्यात एक गृहीतक निमूटपणे वावरत असते. साधने फुकट झाली, संगणक घरोघरी आले. तेव्हा पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत बसलेला तरुणही कोणत्याही स्टुडिओचा मिंधा न राहता 'कर्ता' होऊ शकतो, असे हे गृहीतक. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु या तथ्याच्या आडून एक मोठा गैरसमज समीक्षेत शिरला आहे : साधनाची किंमत शून्य झाली म्हणजे त्याची सत्ताही शून्य झाली.

दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' केली, तेव्हा त्यांचा कॅमेरा विलायतेहून आणलेला होता. तो परका खराच. पण त्याला भाषा नव्हती. समोरची काडी चौकटीगणिक सरकते आहे, एवढेच त्याला दिसत होते. १९३३ साली 'प्रभात' कोल्हापूरहून पुण्यास आली आणि पुढच्याच वर्षी तिने 'जंबू काका' हा व्यंगचित्रपट काढला. जंबुक म्हणजे कोल्हा, आणि काका तर घरातला. पंचतंत्र आणि वाडा यांचा सांधा त्या नावातच जुळून आला आहे. यंत्र कुठलेही असो, भाषा त्याच्या बाहेर होती आणि ती सर्वस्वी करणाऱ्याच्या ताब्यात होती. आजच्या साधनाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे : भाषा त्याच्या पोटातच भरलेली असते.

'जंबू काका'च्याच वर्षी, १९३४ मध्ये, वॉल्टर बेंजामिन याने 'उत्पादक म्हणून लेखक' हा निबंध लिहिला. निर्मितीच्या यंत्रणेला नुसता माल पुरवीत राहणे आणि ती यंत्रणाच बदलू पाहणे, हा त्याने केलेला भेद मराठी समीक्षेने फारसा पचविलेला दिसत नाही. एकीकडे बार्थचा हवाला देऊन लेखकाचा मृत्यू जाहीर करायचा आणि दुसरीकडे एकट्या ॲनिमेटरच्या रूपाने तोच लेखक पुन्हा सिंहासनावर बसवायचा, अशी ही कसरत चालू आहे. (मृत लेखकाचे पुनरुत्थान इतक्या स्वस्तात व्हावे, हे मौजेचेच.) गिंट्स झिल्बालोडिस याने 'अवे' (२०१९) हा पूर्ण लांबीचा पट एकट्याने केला, याचे दाखले दिले जातात. त्याच्याच 'फ्लो'ला (२०२४) ऑस्कर मिळाले; तो पट मात्र अनेकांनी मिळून, ब्लेंडर या मुक्त प्रणालीवर केला. आणि ब्लेंडर मुक्त झाले ते कोणा एकाच्या प्रतिभेने नव्हे. २००२ साली वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून एक लाख युरो उभे केले आणि तिची मूळ संहिता विकत घेऊन खुली केली. म्हणजे ज्याला स्वातंत्र्य म्हणून मिरविले जाते ते एकटेपणाचे फळ नसून सामूहिक मालकीचे आहे. एकट्याचा गौरव करताना ही मालकी नेमकी झाकली जाते.

आता प्रश्न ओठांचा. पात्र बोलू लागले की आवाजानुसार त्याचे तोंड हलवावे लागते. यासाठी रुबार्ब नावाचे एक विनामूल्य साधन स्वतंत्र ॲनिमेटरांच्या वापरात आहे. त्यात सहा मूळ मुखाकृती आणि तीन ऐच्छिक. त्याचा शब्द ओळखणारा भाग फक्त इंग्रजीसाठी आहे. इतर साऱ्या भाषांना मिळून एकच सर्वसाधारण ध्वनिओळख. जगातल्या भाषांची ही वर्गवारी पाहण्यासारखी आहे : इंग्रजी, आणि बाकीच्या. ऐच्छिक आकृतींपैकी एक आहे इंग्रजी 'एफ'-'व्ही'ची, वरचे दात खालच्या ओठावर टेकलेली. मराठी 'फळ'मधला फ परंपरेने दोन्ही ओठ मिटून उच्चारला जातो; 'फोन'मधला तसा नाही. दोन्हींना एकच तोंड दिले की आजी नातवाच्या ओठांनी बोलू लागते. दुसरी ऐच्छिक आकृती 'एल'ची, जीभ वर उचललेली. ळ उच्चारताना जीभ मागे वळते आणि दिसेनाशी होते. त्याला या तक्त्यात जागाच नाही. 'चार चाकांची गाडी' या साध्या शब्दांत दोन वेगळे च आहेत, तेही लिपीवरून न कळणारे.

यावर उत्तर ठरलेले असते : हाताने दुरुस्त करावे. करता येते. पण सेकंदाला बारा चित्रे धरली तरी मिनिटाला ७२० होतात, आणि जो एकटा आहे त्याच्याच माथी ही दुरुस्ती येते. इंग्रजीत काम करणाऱ्या एकट्याला ती बरीचशी माफ आहे. अर्थात तो दुरुस्ती टाळतो : पात्राचे तोंड कॅमेऱ्याकडे पाठ करून ठेवतो, संवाद छाटतो, निवेदकाचा आवाज वर घालतो. ज्या रचनेला समीक्षक पुढे 'शैली' म्हणून नावाजतो, तिच्यात अशी टाळाटाळ किती मुरलेली आहे हे तपासायची तसदी कोणी घेत नाही. देशीयतेवर हिरिरीने वाद घालणाऱ्यांनी देशीपण कथानकात शोधले, पात्रांच्या पेहरावात शोधले. उच्चारणाऱ्या अवयवांपर्यंत ते पोचलेच नाहीत.

एखादे साधन मालकाच्या मर्जीने नाहीसे झाले की काय होते, हे ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश बंद पडले तेव्हा दिसले. निना पेली हिचा 'सीता सिंग्ज द ब्लूज' (२००८) त्याच साधनावर घडला होता. तो पट व्हिडिओरूपात सुटा झालेला असल्याने वाचला. जे काम फ्लॅशच्याच रूपात राहिले होते, ते न्याहाळकात उघडेनासे झाले.

रुबार्बची संहिता खुली आहे. तीत मराठीची भर घालायला कोणाची परवानगी लागत नाही. लागतात ते मराठी आवाज, आणि त्यांचे ध्वनिवैज्ञानिक वर्णन. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात मराठी बोलींचे सर्वेक्षण झाले आहे, निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या माणसांची बोलणी तेथे ध्वनिमुद्रित झाली आहेत. तिकडे लॉ कॉलेज रस्त्यावर, प्रभातच्या जुन्या आवारात, १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था उभी आहे. या दोहोंच्या मधून फक्त नदी वाहते.