भंगार म्हणू नका

शेताच्या कडेला, झुडपांत, एखादा जुना ट्रॅक्टर वर्षानुवर्षे गंजत उभा असतो. लोक म्हणतात, "आता हा भंगारात द्या." मला हे पटत नाही.

फर्ग्युसन टीई-२० या ट्रॅक्टरचेच पाहा. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडून तेलाच्या दाबाने उचलण्याची सोय हॅरी फर्ग्युसन यांनी त्यात केली होती. आजचे ट्रॅक्टरही याच पद्धतीने अवजार उचलतात. ४ जानेवारी १९५८ रोजी एडमंड हिलरी पट्टे बसवलेले असेच ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावर पोहोचले.

आज तेथील हौशी लोक हे ट्रॅक्टर झुडपांतून ओढून काढतात. गंजामुळे पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट अडकलेला असतो. तेव्हा ते हँडल मारून जबरदस्ती करत नाहीत. प्लग काढून आत तेल सोडतात आणि काही दिवस थांबतात. मग टाकी धुतात, वायरी बदलतात, ब्रेक तपासतात.

कोणी विचारील, "एवढ्या खर्चात मिळते काय?" प्रश्न खरा आहे. प्रत्येक यंत्र वाचत नाही. ज्याचे इंजिनच फुटले, त्याचे सुटे भाग दुसऱ्याला उपयोगी पडतील. पण जे दुरुस्त होऊ शकते, ते वितळवू नये. यंत्र स्वतः खोलून मुले जे शिकतात, ते फळ्यावर शिकवता येत नाही. मी शिक्षक असूनही हे कबूल करतो.

म्हणून मुलांनो, जुनी वस्तू टाकण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहा.