वेळापत्रक आणि घर

विदर्भात उन्हाच्या कडाक्यामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जून महिन्याच्या अखेरीस उघडतात. त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातच नववी-दहावीच्या बहुतेक घरांत भिंतीवर एक नवे वेळापत्रक लागते. तांबड्या-निळ्या शाईने आखलेले, पहाटे साडेचारला उठण्यापासून रात्री अकराला निजण्यापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब मांडलेले. पोळा येईतो त्या कागदाचा एक कोपरा सुटलेला असतो, आणि दिवाळीनंतर तो भिंतीवरून कोणी काढला हे घरात कोणासच आठवत नाही. पालक म्हणतात, मुलास चिकाटी नाही. मुलगा म्हणतो, मला वेळच मिळत नाही. ह्या दोन्ही तक्रारी आम्हां शिक्षकांस दरवर्षी ऐकावयास मिळतात, आणि त्यांपैकी मुलाची तक्रार अधिक खरी आहे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. वेळापत्रक आखताना त्या बिचाऱ्याने आपण घरात एकटेच राहतो असे गृहीत धरलेले असते. घरातील वेळ मात्र वाड्यातील विहिरीसारखा सामाईक असतो. इतरांनी पोहरे सोडावयाचे थांबविल्यावाचून एकाच्या वाट्यास फार पाणी येत नाही.

प्रथम साधी बेरीज करून पाहू. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०१६ साली असा निर्णय दिला की, १३ ते १८ वर्षे वयाच्या मुलांस रोज ८ ते १० तास झोप असावी. आपण साडेआठच धरू. शाळा व जाणे-येणे मिळून ७ तास. कामठी अथवा हिंगण्याकडून बसने येणाऱ्यांस ह्याहून अधिक. खाजगी शिकवणी व तिची ये-जा, अडीच तास. स्नान, जेवण, घरातील चार कामे आणि थोडा खेळ, अडीच तास. एकूण साडेवीस झाले, उरले साडेतीन. मग ज्या वेळापत्रकात ‘अभ्यास: ६ तास’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, तेथील अडीच तास कोठून आले? ते झोपेतून काढलेले असतात, आणि झोप हा सावकार असा आहे की तो मुद्दल व्याजासह भरवर्गात, तिसऱ्या तासाला, गणिताच्या फळ्यासमोर वसूल करतो. तो देखावा आम्ही रोज पाहतो.

शिकवणीविषयी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. शिकवणी लावूच नये असे आमचे म्हणणे नाही. एखाद्या विषयात मूल खरोखर मागे असेल तर तिचा उपयोग होतो. परंतु शेजारच्या मुलाने लावली म्हणून लावलेली शिकवणी, आणि पुढे इंजिनियरिंग-मेडिकलच्या प्रवेशपरीक्षा द्यावयाच्या म्हणून आठवीपासूनच घातलेला ‘फाउंडेशन’चा पाया, ह्यांची किंमत पालक केवळ रुपयांत मोजतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत १६ वर्षांखालील मुलांस अशा वर्गांत घेऊ नये आणि दिवसास पाच तासांहून अधिक शिकवू नये, असे म्हटले आहे. ‘आठवीपासून प्रवेश सुरू’ अशा पाट्या मात्र आपल्या शहरात अद्याप दिसतात. आणि पाटी लावणाऱ्यास दोष देण्यापूर्वी ती वाचून आत शिरणाऱ्यांचाही विचार व्हावयास हवा. ज्या साडेतीन तासांत मूल स्वतः पुस्तक घेऊन बसणार, ते तासच शिकवणीत गेले, तर शिकविलेले पचावयाचे केव्हा?

ह्या बाबतीत एक उदाहरण सांगावेसे वाटते. ते ज्या पुरुषाचे आहे त्याची ओळख नागपूरकरांस करून देण्याची जरुरी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असता त्यांचे कुटुंब परळला चाळीतील एका खोलीत राहत असे. स्वयंपाक, सामान, माणसे, सर्व त्या एका खोलीत. उशाशी जाते आणि पायथ्याशी शेळी, असे त्या मुलाच्या निजण्याच्या जागेचे वर्णन चरित्रात आढळते. अशा जागी संध्याकाळी अभ्यास होणे अशक्य. तेव्हा वडील रामजी सकपाळ ह्यांनी एक व्यवस्था ठरविली. मुलाने रात्री लवकर निजावे. वडिलांनी दोन वाजेपर्यंत जागत बसावे. दोनला मुलास उठवावे आणि मग त्याच्या रिकाम्या झालेल्या जागी स्वतः अंग टाकावे. घर निजलेले असता रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात मुलगा वाचीत बसे.

ही हकीकत आपल्याकडे पुष्कळदा सांगितली जाते, आणि बहुधा चुकीच्या अर्थाने सांगितली जाते. ‘पाहा, मोठी माणसे रात्ररात्र जागून शिकली’, असे म्हणून पालक आपल्या मुलास बाराबारा वाजेपर्यंत दिव्याखाली बसवितात. परंतु त्या खोलीत जागत कोण होते? मुलगा निजलेला होता. जागत होता तो बाप. मुलाची झोप तेथे कापली गेली नाही, ती केवळ अलीकडे सरकविली गेली, आणि त्या सरकविण्याचा भार एका वयस्क, सैन्यातून निवृत्त झालेल्या मनुष्याने आपल्या अंगावर घेतला. पुस्तकांचीही कथा तशीच. मुलास एखादे पुस्तक हवे झाले आणि हाती पैसा नसला, म्हणजे रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण टाकून पुस्तक घेत, आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत करीत. म्हणजे सासरी गेलेल्या बहिणींचाही त्या अभ्यासात वाटा होता. वेळापत्रक असे संपूर्ण घराने पाळले.

आणखी एक गोष्ट. शाळा सुटल्यावर तो मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसे. विल्सन हायस्कुलातील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर त्या बागेत येत. त्यांनी मुलाची विचारपूस केली, त्यास वाचावयास पुस्तके दिली, आणि तो मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या प्रसंगी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यास भेट दिले. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे तेथे त्या भेटीविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. आम्हांस त्यात मौज वाटते ती ही की, दुसऱ्याच शाळेतील मुलाकडे लक्ष द्यावयास त्या शिक्षकास सवड झाली. १९०७ सालच्या त्या मॅट्रिकच्या परीक्षेत मुलास ७५० पैकी २८२ गुण मिळाले. ती गुणपत्रिका आजच्या एखाद्या पालकाच्या हाती पडती, तर त्या घरात त्या संध्याकाळी चूल पेटती की नाही ह्याची आम्हांस शंकाच आहे. परळच्या चाळीत तर सत्कार झाला.

पहाटेचा अभ्यास श्रेष्ठ की रात्रीचा, ह्या जुन्या वादात आम्ही पडत नाही. तरुण वयात झोप रात्री उशिरा येऊ लागते, हे आता शास्त्राने पुरेसे सिद्ध केले आहे. तेव्हा रात्री अकराला निजणाऱ्या मुलास साडेचारला पाणी मारून उठविण्यात पुरुषार्थ नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत असा आदेश काढला. तो लहानांसाठी झाला. त्यांच्या मोठ्या भावंडांच्या झोपेचा कैवार घरानेच घ्यावयाचा आहे.

आता उरलेल्या साडेतीन तासांविषयी, विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याशी थोडे बोलतो. तुमच्यापैकी पुष्कळ जण धडा तीनदा वाचता, महत्त्वाच्या ओळींवर पिवळ्या रंगाचे पट्टे ओढता, आणि पान पुरते पिवळे झाले म्हणजे पाठ झाले असे समजता. अमेरिकेत सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर व कार्पिक ह्या दोघा संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी काही उतारे दोनदा वाचले. काही उतारे एकदाच वाचून मग ते मिटून ठेवले व आठवेल तेवढे कागदावर लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा दोनदा वाचलेल्याची सरशी झाली: शेकडा ८१ विरुद्ध ७५. एका आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले. दोनदा वाचलेल्यापैकी शेकडा ४२ भाग स्मरणात उरला, आणि एकदा वाचून लिहून काढलेल्यापैकी शेकडा ५६. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी होत नाही. तेव्हा इतिहासाचे पान वाचून झाले की पुस्तक मिटा आणि तेच आईला, धाकट्या भावाला, नाहीतर भिंतीला सांगा. जेथे अडाल तेवढेच पुन्हा वाचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. गणिताच्या प्रत्येक भागास ४० गुण व दोन तास, म्हणजे एका गुणास तीन मिनिटे पडतात. ती तीन मिनिटे कशी असतात हे घरी घड्याळ लावून सोडविल्याखेरीज कळत नाही, आणि फेब्रुवारीत परीक्षागृहात कळून उपयोग नाही. ही परीक्षा अलीकडे सरकतही चालली आहे: २०२४ साली दहावीचा आरंभ १ मार्चला झाला, २०२५ साली २१ फेब्रुवारीलाच झाला. नाताळच्या सुट्टीवर सारा भरवसा टाकून बसणाऱ्यांनी ह्या तारखा एकदा शेजारी-शेजारी लिहून पाहाव्या.

पालकांस आमचे सांगणे थोडे कटू आहे. मुलाचा मोबाईल काढून घेऊन बाप त्याच खोलीत आपल्या मोबाईलवर मोठ्या आवाजात चलच्चित्रे पाहत बसला, तर मुलाचे डोळे पुस्तकावर आणि कान बापाजवळ राहतात. परंतु ह्याहूनही एक मोठी गोष्ट आहे, व ती बोलावयास घरोघर संकोच वाटतो. एकाच घरात बहीण-भाऊ एकामागून एक दहावीत येतात. भावाच्या वर्षी दूरदर्शन संचावर आच्छादन पडते, पाहुण्यांस नंतर येण्याविषयी कळविले जाते. बहिणीच्या वर्षी मात्र पोळ्या तिनेच लाटावयाच्या, पाणी तिनेच भरावयाचे, धाकट्यास तिनेच निजवावयाचे, आणि मग निकाल लागला की ‘पोरगी हुशार आहे, पण मेहनत कमी पडली’ असे म्हणावयाचे. मेहनत कमी पडली नाही. ती चुलीपुढे खर्च झाली. आमच्या वर्गातील मुलींस रोज अभ्यासाचे तास किती मिळतात असे विचारले असता, साडेतीन हा आकडा ऐकून त्या हसतात. वरील बेरजेत ‘घरातील चार कामे’ असे जे आम्ही लिहिले, ते मुलाच्या दिवसाचे वर्णन आहे. मुलीच्या बाबतीत ती कामे चार नसतात. भावाने आठवड्यातील तीन संध्याकाळी ताटे घासली तर ह्यात पुष्कळ फरक पडेल, व त्याच्या गुणांत काही उणे येणार नाही.

ज्यांच्या घरी जागाच नाही त्यांचे काय, हा प्रश्न उरतो. शहरात वस्तीवस्तीतून अभ्यासिका निघाल्या आहेत, परंतु त्यांपैकी पुष्कळ शुल्क घेतात, व शाळकरी मुलांपेक्षा स्पर्धापरीक्षांचे तरुणच तेथे अधिक असतात. आपल्या शाळेची इमारत सायंकाळी पाचनंतर रिकामी असते. त्यातील दोन वर्ग, एक मुलींचा व एक मुलांचा, दहावीसाठी साडेसातपर्यंत उघडे ठेवावेत, आणि शिक्षकांनी आळीपाळीने तेथे केवळ बसावे, शिकवू नये, अशी सूचना आम्ही शाळेच्या व्यवस्थापनापुढे मांडीत आहोत. दिव्यांचा खर्च फार नाही. मुलींस घरी पोहोचविण्याची सोय काय व्हावी, हे पुढील पालकसभेत पालकांनीच सुचवावे. आठवड्यातून एक संध्याकाळ बसावयास प्रस्तुत लेखक तयार आहे, बुधवार चालेल.