अर्ध्या दिवसाचा हिशेब

दिवाळीच्या अंकात घासाघिशीची गोष्ट सांगावी की नाही, या विचारात मी होते. पण मेथीच्या जुडीमागे दोन रुपये सोडवून घेणाऱ्या आम्ही बायका स्वतःच्या तासांचा भाव करताना किती भोळ्या असतो, हे मला चांगलेच कळले आहे, म्हणून सांगतेच.

चंद्रपुरात एका खाजगी कचेरीत मी हिशेब लिहिते. माणसे आम्ही पंधरा. सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा एप्रिल लागला होता, आणि चंद्रपूरचा एप्रिल ज्यांनी सोसला आहे त्यांना अधिक सांगायला नको. अंगावर पिणारे मूल सासूबाईंजवळ ठेवून दहा ते साडेपाच खुर्चीवर बसणे जिवावर आले. मालकांकडे गेले नि म्हटले, "काही महिने आठ ते बारा येऊ का? पगार अर्धा दिलात तरी चालेल."

पगाराची गोष्ट मी आपणहून काढली, बरे का! मालक लगेच म्हणाले, "या की. फक्त बिले नि महिनाअखेर अडायला नको." मी आनंदाने घरी आले.

त्या रविवारी गडचिरोलीहून वन्सं आल्या. त्या सरकारी नोकरीत. तिथे ही रजा १८० दिवसांची. सगळे ऐकून त्यांनी कप खाली ठेवला. "काम सगळेच करायचे, मग अर्धे झाले ते काय? पगारच ना? आणि पाजायच्या सुट्ट्या कुठे गेल्या?"

त्या सुट्ट्या मला ठाऊकच नव्हत्या. मूल पंधरा महिन्यांचे होईतो जेवणाच्या सुट्टीखेरीज रोज दोन सुट्ट्या आईला द्याव्यात आणि त्यापायी पगार कापू नये, असे १९६१ च्या कायद्यात होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आले आहे. पाळणाघराची सक्ती पन्नास किंवा अधिक माणसे असली तरच, तेव्हा ते आमच्या वाट्याला नाही. अर्धवेळ कामाचा हक्कही कायद्यात नाही. तो मागूनच घ्यावा लागतो. पण जे आधीच माझे होते त्याचेही पैसे मी मोजायला निघाले होते! मध्य प्रांतात, आणि आमचा चांदा जिल्हा त्याच प्रांतात होता, प्रसूतीचा कायदा १९३० साली झाला. इतक्या वर्षांनी हिशेब लिहिणाऱ्या बाईला तो नणंदेने समजावावा!

मग पेन्सिल घेतली. दहा ते साडेपाच, त्यात जेवणाचा अर्धा तास वजा जाता काम सात तासांचे. अर्ध्या पगाराला मी चार तास देऊन बसले होते.

(वन्सं म्हणाल्या, तिकडे रोवणीच्या दिवसांत तान्हे मूल बांधीच्या धुऱ्यावर झोपवून बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. त्यांच्यापर्यंत यातले एकही कलम पोचत नाही. त्यावर मला काही बोलता आले नाही.)

सोमवारी एक कागद घेऊन गेले. माझ्याकडची कामे एकाखाली एक लिहिली होती, आणि वसुलीची पत्रे व बँकेच्या खेपा यांपुढे फुली. "तास कमी तर ही दोन कामेही कमी," मी म्हटले. घसा कोरडा पडला होता. सुट्ट्यांचे नाव काढताच मालकांच्या कपाळाला आठी पडली. "चार तासांत दोनदा उठणार, तर काम केव्हा करणार?" प्रश्न अगदीच गैर नव्हता. शेवटी ठरले ते असे: पगार पाच तासांचा, आठ ते एक. दोन्ही सुट्ट्या जोडून शेवटी घ्यायच्या, म्हणजे साडेबाराला निघायचे. महिनाअखेरचे दोन दिवस पूर्णवेळ, पूर्ण पगाराने. मूल पंधरा महिन्यांचे झाले की जुनी जागा, जुना पगार.

"लिहून कशाला? आपण घरचीच माणसे," मालक म्हणाले. घरच्यांचेही उसने मी वहीत मांडते. पत्र मीच लिहिले, दोन प्रती केल्या. सही व्हायला आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत मी दहा ते साडेपाचच जात होते.

त्या वर्षीची पगारवाढ मात्र मिळाली नाही. पत्रात ते कलम घालायचे मी विसरले होते.