केक मधोमध का बसतो?

नव्यानं स्वयंपाकाला लागलेल्या माणसाचा प्रश्न सहसा एका ओळीचा असतो. केक मधोमध बसला. भाकरी थापताना फाटते. साबुदाण्याचा गोळा झाला. आणि त्याला मिळणारं उत्तरही बहुधा एकाच ओळीचं असतं: हळूहळू जमेल. हे उत्तर मला मान्य नाही. सराव लागतोच, पण कशाचा सराव करायचा हे कुणी सांगितलं नाही, तर माणूस तीच चूक मन लावून पुन्हा पुन्हा करतो आणि शेवटी आपल्या हाताला चवच नाही असं ठरवून ओट्यापासून दूर होतो. स्वयंपाकघरातल्या बहुतेक बिघाडांना कारण असतं आणि ते साध्या शब्दांत सांगता येतं. म्हणून आज पाककृती देत नाही. सतत कानावर येणाऱ्या काही प्रश्नांची कारणं देते.

सगळ्यात जास्त प्रश्न केकचे असतात, आणि ते साहजिक आहे. आपल्या आईआज्यांच्या स्वयंपाकघरात भट्टी नव्हती. दिवाळीत नानकटाईचं सामान डब्यात भरून जवळच्या बेकरीत न्यायचं आणि तिथून भाजून आणायचं, ही पद्धत अनेक गावांत होती. भाजण्याचं ज्ञान बेकरीवाल्याकडेच राहिलं. भाकरीबद्दल विचारायला घरात कुणीतरी असतं, केकबद्दल बहुतेक घरांत कुणी नसतं.

तर केक बसतो का? टिन ओव्हनमध्ये गेला की मिश्रणातले हवेचे आणि वायूचे बुडबुडे उष्णतेनं मोठे होतात. त्याच वेळी त्यांच्या भोवतीच्या भिंती, म्हणजे मैद्यातला स्टार्च आणि अंड्यातली प्रथिनं, हळूहळू घट्ट होत जातात. बुडबुडे फुगलेत पण भिंती अजून ओल्या आहेत, अशा वेळी आपण उत्सुकतेनं दार उघडलं की आतलं तापमान एकदम उतरतं, बुडबुडे आकसतात आणि केक खाली येतो. मध्यभागाला उष्णता सगळ्यात उशिरा पोचते, त्यामुळे खड्डा तिथेच पडतो. पहिली पंचवीस मिनिटं तरी दाराला हात लावू नका. नंतर सुरी किंवा विणकामाची सुई मध्यभागी खुपसून बघा. ओलं मिश्रण चिकटून आलं तर केक कच्चा आहे आणि आत्ता बाहेर काढला तरीही तो बसणार. सोडा किंवा बेकिंग पावडर जास्त झाली तरी हेच होतं: बुडबुडे फार मोठे होतात, एकमेकांत मिसळतात आणि फुटतात. उलट केकचा मध्य उंच वर येऊन तडकत असेल तर ओव्हन जास्त तापलेला आहे. कडा आधी घट्ट झाल्या आणि आतल्या ओल्या मिश्रणाला वर जाण्यावाचून वाट उरली नाही.

ओव्हन आधी दहा-पंधरा मिनिटं तापवायचा तो याचसाठी. गार ओव्हनमध्ये वायू निघून जातो आणि भिंती घट्ट व्हायला वेळ लागतो. बऱ्याच साध्या केकना १८० अंश सेल्सिअस लागतं, पण छोट्या ओटीजीच्या बटणावर १८० लिहिलं आहे म्हणून आत १८० असतंच असं नाही. दहावीस अंशांचा फरक सहज असतो. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो. महागड्या साच्यांच्या आधी तो घ्या. नुसत्या मायक्रोवेव्हवर बिस्किटं खुसखुशीत का होत नाहीत, असंही विचारलं जातं. मायक्रोवेव्ह मुख्यतः पदार्थातलं पाणी तापवतो, आणि पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या फारसं वर जात नाही. भाजल्याचा तांबूस रंग आणि वास यायला पृष्ठभाग त्याहून बराच जास्त तापावा लागतो. त्यासाठी कन्व्हेक्शनची सोय असलेलं यंत्रच हवं.

ओव्हन नसेल तर अडत नाही. जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं पातेलं किंवा जुना कुकर घ्या. कुकरचं रबर आणि शिट्टी काढून टाका. आपल्याला दाब नको आहे आणि केकमधली वाफ बाहेर जायला वाट हवी आहे. तळाशी मिठाचा थर पसरा, म्हणजे आच एका जागी न लागता सगळीकडे फिरते. वर जाळी ठेवून दहा मिनिटं तापू द्या, मग टिन ठेवून गॅस बारीक करा. पाणी अजिबात घालायचं नाही. असा केक वरून फिकट राहतो, कारण उष्णता खालून येते. तो बिघडलेला नाही, चवीनं खा.

एक गोष्ट पुस्तकं सांगत नाहीत. परदेशी पाककृतीत ‘लोणी रूम टेंपरेचरला आणा’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्यांची खोली वीस-बावीस अंशांची असते. नागपूरच्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला जातो. लोणी पस्तिशीच्या आसपासच पातळ होतं. साखरेबरोबर फेसताना लोण्यानं हवा धरून ठेवायची असते. वितळलेलं लोणी ती धरूच शकत नाही, आणि केक दडस होतो. उन्हाळ्यात लोणी फ्रिजमधून काढून, बोट दाबल्यावर खळगा पडेल इतकंच मऊ होऊ द्या आणि लगेच वापरा. फारच गरम असेल तर तेलाचा केक करा. त्यात फेसण्याची भानगड नाही आणि तो दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. मैदा घातल्यावर मात्र फार घोटू नका, कुठलाही केक असो. घोटून मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं. पावाला तेच हवं असतं, केकला नको.

आता सोडा आणि बेकिंग पावडर. दोन्ही पांढरे, दोन्ही फुगवणारे, म्हणून एकाऐवजी दुसरं सर्रास घातलं जातं. खायचा सोडा अल्कधर्मी असतो, त्याला आंबटाची जोड लागते: दही, ताक, लिंबू, व्हिनेगर. जोड मिळाली की लगेच कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून सोडा शेवटी घालायचा आणि मिश्रण थांबवून ठेवायचं नाही. जोड मिळाली नाही तर सोडा मागे उरतो आणि केकला साबणासारखी चव येते. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडं आम्ल एकत्र असतं, दोघांना कोरडं ठेवायला स्टार्च असतो. हल्ली मिळणाऱ्या बहुतेक पावडरी थोडा वायू ओल्या झाल्यावर आणि बाकीचा उष्णता लागल्यावर सोडतात. सोडा तिच्या तिप्पट-चौपट जोरकस असतो. एका कपाला, म्हणजे साधारण १२५ ग्रॅम मैद्याला, बेकिंग पावडर एक सपाट छोटा चमचा किंवा सोडा पाव चमचा. डबा जुना असेल तर चिमूटभर पावडर गरम पाण्यात टाकून बघा. फसफसली नाही तर फेकून द्या. सोड्याची परीक्षा लिंबाच्या रसात होते. ढोकळ्यावर लाल ठिपके येतात तेही सोड्यामुळेच. तो नीट मिसळला गेला नाही की जिथे साठतो तिथे हळद लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातला बदल हाच.

अंड्याशिवाय केक होईल का, हा प्रश्न आपल्याकडे विचारताना लोक उगीच संकोचतात. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनं १८४३ मध्ये बेकिंग पावडर बनवली, कारण त्याच्या बायकोला अंडी आणि यीस्ट सोसत नव्हतं. म्हणजे ही गरज जुनी आणि मानाची आहे. अंडं केकला बांधून ठेवतं, ओलावा देतं आणि फुगायला मदत करतं. ही तिन्ही कामं एकटं दही करत नाही; दही आणि सोडा मिळून फुगवतात, बांधायचं काम मैद्यावर पडतं. म्हणून बिनअंड्याचा केक पसरट, लहान टिनमध्ये करावा. उंच केला तर मध्य कच्चा राहतो.

प्रमाणाबद्दल माझा आग्रह आहे. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं. त्यातली प्रमाणं वाटी-चमच्यांत होती, त्यामुळे नवखी मुलगीसुद्धा पुस्तक उघडून शिरा करू शकली. आपल्या स्वयंपाकाला ते माप पुरतं, कारण रवा, साखर, पाणी एकाच वाटीनं मोजलं की वाटी लहान असो की मोठी, नातं तेच राहतं. केकमध्ये घोटाळा होतो, कारण तिथे मैदा वाटीनं मोजतात पण अंडी दोन आणि सोडा पाव चमचा असा ठरलेला असतो. वाटी शंभर मिलिलिटरची असली तर सोडा जास्त होतो, दोनशेची असली तर कमी पडतो. शिवाय तोच कप मैदा हलक्या हातानं भरला तर १२० ग्रॅम आणि दाबून भरला तर दीडशेच्या पुढे जातो. भाजणार असाल तर वजनकाटा घ्या. घरातली वाटी एकदा पाण्यानं मोजून तिचं माप कपाटाच्या दाराच्या आत लिहून ठेवा.

भाकरीचा प्रश्न मला जवळचा वाटतो, कारण त्याचं उत्तर बहुतेकांना मिळता मिळता राहतं. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून गव्हाची कणीक ताणली जाते तशी ती ताणली जात नाही. तिला धरून ठेवायचं काम स्टार्च करतो, आणि कढत पाण्यानं तो फुगून चिकट होतो. पाणी कोमट घेतलं की भाकरी फाटते. दुसरं कारण पीठ. दळून फार दिवस झाले की पिठाची विरी जाते. मग हात कितीही सराईत असो, कडा चिरतात. आठ-दहा दिवसांचंच दळण आणा. बाजरीच्या बाबतीत तर हे फारच पाळा, कारण तिच्यातली स्निग्धता लवकर खवट होते आणि भाकरी कडू लागते. तिसरं, एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा आणि तळहाताच्या जोरानं, मऊ होईपर्यंत मळा. मळून ठेवलेलं पीठ कोरडं पडतं. तव्यावर टाकताना पिठी लागलेली बाजू वर येते, तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा. नाहीतर कोरडी पिठी करपते. ते पाणी पुरतं सुकायच्या आधी उलटा. पापुद्रा मऊ आणि अखंड राहिला तरच आतली वाफ कोंडते आणि विस्तवावर भाकरी फुगते.

बेंगळुरूला नोकरी करणारा माझा भाचा विचारतो, ‘मावशी, सकाळच्या पोळ्या दुपारी कडक का होतात?’ बहुतेक वेळा तवा मंद असतो. मंद तव्यावर पोळी जास्त वेळ राहते आणि भाजली न जाता वाळते. शिवाय कणीक घट्ट असते. चक्कीच्या पिठाला पाणी जास्त लागतं आणि ब्रँड बदलला की तेही बदलतं, म्हणून गेल्या महिन्याचं पाण्याचं माप या पिशवीला चालेलच असं नाही. सैलसर भिजवून अर्धा तास झाकून ठेव, असं मी त्याला सांगितलं.

साबुदाणा धुताना वरची पिठी निघून जाईपर्यंत धुवा, भिजवताना पाणी जेमतेम वर दिसेल इतकंच ठेवा, आणि दाणा बोटांत सहज चिरडला तरच कढईत घाला. दाण्याचं कूट आधी मिसळा, ते जादा ओल शोषून घेतं. खिचडी फार वेळ झाकू नका.

डाळ शिजत नाही ही तक्रार बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांतून जास्त येते. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीची साल आणि पेशी घट्ट धरून ठेवतं. आंबटही तेच करतं, म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो हे सगळं डाळ शिजल्यावर. डाळ आधी भिजवा, शक्य असेल तर प्यायच्या पाण्यात शिजवा. चिमूटभर सोड्यानं डाळ मऊ होते हे खरं, पण काही जीवनसत्त्वं जातात. रोजचा उपाय तो नव्हे.

चकली मऊ पडते तेव्हा भाजणीला दोष दिला जातो. तेलात उठणारे बुडबुडे म्हणजे पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. बुडबुडे जोरात आहेत तोवर चकली आत ओली आहे, रंग कितीही छान आलेला असो. तेल तापल्यावर चकल्या सोडा, मग आच मध्यम करा आणि बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत वाट पाहा. चकली तेलात विरत असेल तर मोहन जास्त झालंय. थोडी कोरडी भाजणी मिसळून पुन्हा मळा.

प्रश्न पाठवताना पीठ किती दिवसांचं होतं, भांडं कुठलं, गॅस मोठा होता की बारीक, एवढं आवर्जून लिहा. त्याशिवाय मला कारण शोधता येत नाही. पुढच्या आठवड्यात पाक घेते, कारण रव्याचा लाडू वळताना फसकतो का, हे विचारणाऱ्यांना एकतारी आणि दोनतारीतला फरक कुणीतरी नीट सांगायला हवा.