पगाराच्या रकान्याशेजारी शरीराचा रकाना कुठे आहे?

बारावीचे निकाल लागले की दवाखान्यात आजारी नसलेल्या मुलांची गर्दी होते. सगळ्यांचं काम एकच, "डॉक्टर, फिटनेस सर्टिफिकेट हवंय." उंची, वजन, रक्तदाब, डोळे, की झालं. तेवढ्यात मी विचारतो, "कुठे प्रवेश घेतलास?" मुलगा तोंड उघडायच्या आत आई-वडीलच सांगू लागतात: फी किती, प्लेसमेंट कशी, सुरुवातीचं पॅकेज किती, परदेशी जायची संधी आहे का. घरी वहीत मधोमध रेघ मारून फायदे-तोटे लिहिलेले असतात. मग मी विचारतो, "हे काम रोज किती तास करायचं? बसून की उभ्यानं? दिवसा की रात्री?" यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

पालकहो, स्पष्टच सांगतो. ज्या तुलनेत शरीराचा रकाना नाही, ती तुलना अर्धवट आहे. पगार दर महिन्याला हातात पडतो म्हणून दिसतो. शरीराचं बिल पंधरा-वीस वर्षांनी येतं, आणि तोवर कंपनी बदललेली असते. ते बिल तुम्हीच भरता.

हे काही नवीन नाही

बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला इतर प्रश्नांबरोबर "तुम्ही काम काय करता?" हेही विचारा, असं त्याने डॉक्टरांना बजावलं होतं. तीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आपण हा प्रश्न आजार झाल्यावरच विचारतो.

लंडनच्या बसगाड्यांचं उदाहरण घ्या. डॉ. जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये तिथल्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना प्रसिद्ध केली. शहर तेच, बस तीच. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर डबलडेकरचे जिने चढत-उतरत. हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये कमी निघालं. पुढे या निष्कर्षांची बरीच छाननी झाली, पण दिवसभर बसून राहणं हृदयाला महाग पडतं, हे नंतरच्या संशोधनातही दिसत राहिलं. आज ज्या नोकरीला आपण 'एसीत बसून आरामाचं काम' म्हणतो, ती याच हिशेबात ड्रायव्हरच्या बाजूला पडते.

"तरुण आहे, निभावून नेईल"

हे वाक्य मी सर्वात जास्त ऐकतो. बावीस वर्षांचं शरीर निभावून नेतं हे खरं. पण ती उधारी आहे, आणि उधारीला व्याज लागतं.

रात्रपाळीचंच बघा. मेंदूत एक घड्याळ असतं आणि ते उजेडावर चालतं. अंधार पडला की मेलाटोनिन वाढतं, झोप येते, पचन आणि साखरेचं नियंत्रण मंदावतं. रात्री दोन वाजता जेवलेल्या पोळीमुळे साखर दिवसापेक्षा जास्त वाढते, कारण त्या वेळी इन्सुलिनचं काम सुस्त असतं. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह, वाढतं वजन आणि हृदयविकार यांचा धोका जास्त आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलं. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होतो असा याचा अर्थ नाही. पण हा मुद्दा 'तोटे' या बाजूला लिहिण्याइतका मोठा नक्कीच आहे.

कामाच्या तासांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. आता दोन नोकऱ्यांची पॅकेजेस शेजारी ठेवा आणि प्रत्येकीला तासांनी भागा. मोठं पॅकेज कधी कधी लहान निघतं.

आणि हो, हा रकाना आमच्या व्यवसायालाही लावा. "मुलाला डॉक्टरच करायचंय" म्हणणाऱ्यांनी आधी वर्षं मोजावीत. एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच, पुढे एमडी-एमएसची तीन. त्यातल्या कित्येक रात्री जागून काढायच्या, जेवण मिळेल तेव्हा. शिक्षकांच्या घशावर येणाऱ्या गाठी, दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यांच्या पायांच्या फुगलेल्या शिरा, दगडखाणीतल्या धुळीने होणारा सिलिकोसिस, हे सगळं त्या त्या कामाचं बिल आहे. बिनबिलाचं काम नसतं. प्रश्न एवढाच, की बिल आधी वाचलं का?

"आधी पोटाचं बघू द्या"

हा आक्षेप मला मान्य आहे. बेकारीही शरीर खाते, कर्जही झोप उडवतं. ज्याच्यासमोर एकच नोकरी आहे, त्याला मी निवडीचे धडे देणार नाही. रात्रपाळीला कोणी जाऊच नये, असंही म्हणत नाही. रेल्वे, रुग्णालयं, पोलीस ठाणी रात्री बंद ठेवता येत नाहीत. पण ज्या घरात दोन-तीन पर्याय समोर आहेत आणि वहीत रेघ मारायला सवड आहे, तिथे हा रकाना रिकामा का? आणि एकच पर्याय असला तरी धोका माहीत असलेला माणूस साखर वेळेवर तपासतो, पाळ्या आठवड्याला न बदलता ठरावीक ठेवा असं मागू शकतो.

मग करायचं काय?

पहिलं, तपासणी प्रवेशानंतर नको, फॉर्म भरण्याआधी करा. रेल्वेत लोको पायलट व्हायचं तर चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची नजर ६/६ लागते, रंग नीट ओळखता यावे लागतात आणि लेसिक शस्त्रक्रिया झालेली चालत नाही. लाल-हिरव्या रंगातला जन्मजात दोष मुलांमध्ये मुलींपेक्षा बराच जास्त असतो आणि तो औषधाने जात नाही. रंगीत ठिपक्यांचा तक्ता दाखवला की काही मिनिटांत तो कळतो. दोन वर्षं क्लास लावून, लेखी परीक्षा पास होऊन, वैद्यकीय तपासणीत हे कळणं म्हणजे त्या मुलावर केलेला अन्याय आहे. त्यात त्याचा काडीचाही दोष नसतो.

दुसरं, ते काम दहा-पंधरा वर्षं करत असलेल्या एखाद्याला भेटा. पगार विचारू नका. झोप किती मिळते, जेवण कधी होतं, मान-कंबर कशी आहे, प्रवासात किती वेळ जातो, सुट्टीच्या दिवशी फोन वाजतो का, हे विचारा.

तिसरं, घरचा इतिहास मांडा. आई-वडिलांना मधुमेह किंवा लवकर आलेला हृदयविकार असेल, तर बैठं काम आणि रात्रपाळी तुमच्या मुलाला इतरांपेक्षा महाग पडू शकते. दम्याच्या मुलाला धुळीच्या किंवा रसायनांच्या कामात घालण्याआधी डॉक्टरांशी बोला.

चौथं, मुलाला विचारा. रात्री जागून अभ्यास त्याला जमतो की नऊ वाजताच डोळे मिटतात, हे तुमच्यापेक्षा त्याला जास्त माहीत आहे.

पुढच्या वर्षी तुमच्या घरात कोणी बारावीला असेल, तर सर्टिफिकेटसाठी नका येऊ. ती वही घेऊन या, फॉर्म भरायच्या आधी. तिसरा रकाना आपण मिळून भरू.