काळी राखिली, पांढरीचे काय?

गावास दोन अंगे असतात, एक काळी व दुसरे पांढरी. काळीत पीक पिकते, पांढरीत माणूस नांदतो. काळीचा बांध हातभर सरकला तर आपण कोर्टाची पायरी चढतो. पण पांढरीतील वाडवडिलांचे घर डोळ्यांदेखत बसत जाते, त्याची खंत आपणांस वाटत नाही. जुनी गावे पाहावयास जाण्याची हौस हल्ली वाढली आहे. त्या निमित्ताने या गोष्टीचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपल्या कर्जतच्या शेजारी, जामखेड तालुक्यात, सीना नदीकाठी चौंडी हे गाव आहे. तेथील पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला. २०२५ साली त्यास तीनशे वर्षे पूर्ण झाली, आणि आपला जिल्हाही आता त्यांच्याच नावाने ओळखला जातो. जयंतीस तेथे लोक लोटतात, हे योग्यच होय. परंतु चौंडी म्हणजे केवळ स्मारक नव्हे. तेथे चुली पेटतात, गोठ्यात गुरे हंबरतात. जयंतीनंतर आठवड्याच्या आतबाहेर मृग निघतो. म्हणजे पाहुण्यांची गर्दी होते ती नेमकी शेतकऱ्याच्या घाईच्या दिवसांत. गाव पाहणाऱ्याने हे ध्यानी ठेविले पाहिजे.

अहिल्याबाईंच्या जन्माच्या तीनच वर्षे आधी, १७२२ साली, जर्मनीत असेच एक गाव वसले. मोराव्हिया प्रांतातून धर्मछळास कंटाळून निघालेल्या लोकांनी काउंट त्सिन्त्सेनडॉर्फ यांच्या जमिनीवर हेर्नहूट वसविले. त्याच पंथाने पुढे अमेरिकेत बेथलेहेम (१७४१), उत्तर आयर्लंडात ग्रेसहिल (१७५९) व डेन्मार्कात ख्रिश्चन्सफेल्ड (१७७३) ही गावे आखून बांधली. युनेस्कोने २०१५ साली ख्रिश्चन्सफेल्डला व २०२४ साली उरलेल्या तिन्ही वसाहतींना जागतिक वारशात स्थान दिले. यांतील मर्म असे की, तेथील जुन्या घरांत आजही माणसे राहतात व प्रार्थनामंदिरात आजही प्रार्थना होते. दफनभूमीत श्रीमंत व गरीब दोघांच्याही थडग्यांवर सारखेच सपाट दगड आहेत. पाहुणा तेथे जातो तो नांदत्या माणसांच्या दारी जातो.

घर टिकते ते राबत्यानेच, हे माळवदाच्या घरात वाढलेल्या शेतकऱ्यास सांगावयास नको. तुळयांवर किलचा, त्यावर चिखल व वर पांढऱ्या मातीचा थर, अशी माळवदाची रचना असते. पावसाळ्यापूर्वी माती टाकून ती चोपली तर घर पिढ्यान्‌पिढ्या उभे राहते. दोन पावसाळे कोणी फिरकले नाही, तर पाणी मुरते, तुळई कुजते व छप्पर खाली येते. मग सागवान विकले जाते, घडीव दगड विकले जातात. भिंत खचण्यापूर्वी बहुधा भाऊबंदकी झालेली असते. घर सर्वांचे, म्हणून दुरुस्ती कोणाचीच नाही. जुन्या गढीची पांढरी माती खणून शेतात टाकणारे हातही परके नव्हेत, आपलेच आहेत.

यावर कोणी म्हणेल, पाहुण्यांच्या डोळ्यांस बरे दिसावे म्हणून आम्ही मातीच्या घरात विंचूकाट्यांत राहावे काय? दरसाल सारवणाचे कष्ट आमच्या घरच्या बायकांनी उपसावे काय? आक्षेप अगदी खरा आहे. ज्यास स्लॅबचे घर हवे त्यास दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु नळ, शौचकूप व उजेड या सोयी जुन्या भिंतींच्या आतही करता येतात. प्रधानमंत्री आवास योजनेचा रोख कच्च्या घराच्या जागी नवे पक्के घर व्हावे यावर आहे. त्याबरोबरच मजबूत जुने घर राहते ठेवणाऱ्यासही सरकारने दुरुस्तीसाठी हात द्यावा, अशी मागणी शेतकरी संस्थांनी केली पाहिजे. स्मारकाच्या कमानीपूर्वी गावाच्या पाण्याची सोय व्हावी, हेही आम्ही स्पष्टपणे सांगतो. बारव व घाट बांधणाऱ्या अहिल्याबाईंच्या जन्मगावी याहून उचित स्मारक ते कोणते?

आपल्या हाती असलेली कामेही थोडी नाहीत. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणातील मिळकतींची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. त्या निमित्ताने भावाभावांनी घराचा निकाल एकदा लावून टाकावा. ग्रामसभेने वेस, बारव, गढी व जुनी घरे यांची नोंद करावी आणि गढीस कुदळ लावणे बंद करावे. परगावी गाव पाहावयास जाल तेव्हा गाडी वेशीबाहेर उभी करा, दाराशी हाक मारून परवानगी घ्या, कोणाच्या अंगणाचे चित्र न विचारता टिपू नका. आणि चार शेर ज्वारी का होईना, तेथील शेतकऱ्याकडून रोखीने घ्या.

चौंडीहून परतताना प्रत्येकाने आपल्याच गल्लीतील कुलूप लागलेल्या घराकडे एकदा मान वर करून पाहावे. मृगापूर्वी त्यावर दोन पाट्या माती पडली, तर त्याची ती यात्रा सफळ झाली असे आम्ही समजू.