सोडतीत लागलेले घर आणि शेजाऱ्यांची भीती

वडोदऱ्याच्या हरणी भागात महानगरपालिकेने मुख्यमंत्री आवास योजनेखाली बांधलेली एक वसाहत आहे. तिच्यात ४६२ घरे आहेत. २०१७ साली सोडत निघाली आणि त्यातले एक घर एका मुस्लिम महिलेला लागले. ती सरकारी नोकरी करणारी, एका मुलाची आई. संपूर्ण वसाहतीत मुस्लिम लाभार्थी ती एकटीच. ती राहायला येण्याआधीच, २०२० साली, काही रहिवाशांनी मुख्यमंत्री कार्यालयाला पत्र लिहून हे वाटप रद्द करावे अशी मागणी केली. जून २०२४ मध्ये पुन्हा निदर्शने झाली. जिल्हाधिकारी, महापौर, पालिका आयुक्त आणि पोलीस आयुक्त यांना निवेदन गेले. त्यावर ३३ जणांच्या सह्या होत्या. हा भाग हिंदूबहुल आणि शांत आहे, आसपास चार किलोमीटरमध्ये मुस्लिम वस्ती नाही, या कुटुंबामुळे आमच्या शांत जगण्याला धोका आहे, असा त्याचा आशय होता.

बाईंवर गुन्हा नाही, भांडणाची तक्रार नाही. असणार कशी? त्या तिथे राहायलाच गेलेल्या नव्हत्या. त्या आईवडिलांकडे राहत होत्या. धोका होता तो त्यांच्या नावाचा.

ही बातमी आली तेव्हा आपल्याकडे दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटल्या. काहींनी संताप व्यक्त केला आणि दुसऱ्या दिवशी विसरून गेले. काही म्हणाले, ‘कशाला जायचं तिथे? आपल्या माणसांत राहावं, इज्जतीने राहावं.’ मला दुसऱ्या प्रतिक्रियेची जास्त काळजी वाटते. पण त्याआधी शेजाऱ्यांच्या भीतीबद्दल बोलू.

भीती खोटी असते असे मी म्हणणार नाही. २००२ साली गोध्रा येथे रेल्वेच्या डब्यात ५९ माणसे मेली. त्यानंतर जे झाले ते गुजरातच्या मुसलमानांनी भोगले. याच वडोदरा शहरात बेस्ट बेकरीत १४ जणांचा जीव घेतला गेला. ज्या शहराच्या आठवणीत हे सारे आहे, तिथे दोन्हीकडची माणसे घाबरलेली असणारच. प्रश्न असा की भीती वाटते म्हणून धोका आहे, असे धरायचे का?

याच हरणीचे उदाहरण घ्या. निदर्शनांच्या पाच महिने आधी, जानेवारी २०२४ मध्ये, तिथल्या तलावात शाळकरी मुलांची सहल घेऊन निघालेली बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. मेलेल्या मुलांत हिंदू होती, मुसलमानही होती. हरणीच्या आईबापांच्या लेकरांना खरा धोका कशापासून होता, हे त्या दिवशी दिसले. तो निष्काळजी ठेक्यापासून होता, न झालेल्या तपासणीपासून होता. शेजारच्या दारावरच्या पाटीपासून नव्हता.

खासगी सोसायटीत मुसलमानाला घर नाकारणे नवे नाही. मुंबई-पुण्यात भाड्याने घर शोधलेल्या कोणत्याही मुस्लिम कुटुंबाला तो अनुभव सांगावा लागत नाही. पण सार्वजनिक घराची गोष्ट वेगळी आहे. ते जनतेच्या पैशाने, जनतेच्या जमिनीवर उभे राहते. त्याचा शेजार घरमालक किंवा दलाल ठरवत नाही, सोडत ठरवते. या देशात अनोळखी माणसे एकमेकांची शेजारी व्हावीत अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत. रेल्वेचा डबा आहे, सरकारी दवाखाना आहे आणि ही सोडतीची घरे आहेत. भीतीच्या नावाखाली सोडतीचा निकाल फिरवता येतो असे एकदा ठरले की ती सोडत उरत नाही. आज मुसलमान नको, उद्या दलित नको, परवा एकटी राहणारी बाई नको. भीतीला कारण पुरवणे फार सोपे असते.

आणि भीतीपुढे मान तुकवली की काय होते, तेही गुजरातनेच दाखवले आहे. १९७३ साली साबरमतीला पूर आला आणि नदीकाठच्या झोपड्या वाहून गेल्या. त्या पूरग्रस्तांसाठी अहमदाबादच्या एका टोकाला सुमारे सव्वादोन हजार घरांची वसाहत बांधली गेली. हिंदू आणि मुसलमान कुटुंबे शेजारी शेजारी राहतील अशी ती कल्पना होती. नावही ठेवले संकलितनगर. काही वर्षे लोक तसे राहिलेही. मग १९८५च्या आणि त्यानंतरच्या दंगली आल्या. हिंदू कुटुंबे निघून गेली, शहराच्या इतर भागांतून जीव वाचवून आलेले मुसलमान तिथे आले. आज संकलितनगर हा जुहापुऱ्याचा भाग आहे आणि जुहापुरा म्हटले की काय मनात येते, ते सांगायला नको. सर्वांसाठी बांधलेली वसाहत एका पिढीत ‘त्यांची’ झाली.

दंगलीच्या भीतीने लोकांनी पडत्या भावात घरे विकू नयेत, म्हणून गुजरातने अशांत क्षेत्रांचा कायदा आणला. आधी १९८६ साली आणि मग १९९१ साली. अशा क्षेत्रात घर विकायचे तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हेतू संरक्षणाचा होता. प्रत्यक्षात तो कायदा हिंदू-मुसलमानांमधला व्यवहार अडवायला वापरला जाऊ लागला. हरणीतही त्याच कायद्याचा आधार घेतला गेला. संरक्षणासाठी बांधलेली भिंत शेवटी सीमा झाली.

आता आपल्या मुंबईकडे या. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी हटवलेल्या झोपडीवासीयांना गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड अशा वसाहतींत २२५ चौरस फुटांची घरे मिळाली. बाहेरचा माणूस या नावांना घाबरतो. रात्री रिक्षावाला यायला कुरकुरतो, पत्ता ऐकून नोकरी देणाऱ्याचा चेहरा बदलतो. पण आत राहणाऱ्यांना कशाची भीती आहे? दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉक्टरांना या वसाहतींत क्षयरोग मोठ्या प्रमाणावर आढळला, आणि त्याचा संबंध त्यांनी न पोचणाऱ्या उजेडाशी आणि न खेळणाऱ्या हवेशी जोडला. बंद पडलेली लिफ्ट, अंधारा जिना, तुंबलेली गल्ली. शहर ज्यांना धोका समजते, तीच माणसे धोक्यात राहतात. आणि तो धोका त्यांनी तयार केलेला नाही, तो नकाशावर आखून त्यांना दिला गेला आहे.

इथे आपल्या बिरादरीलाही आरसा दाखवला पाहिजे. गोवंडीचा पत्ता पाहून रिश्ता नाकारणारे आपल्यातही आहेत. ‘तिकडचं वातावरण बरोबर नाही’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! ते वाक्य आणि हरणीचे निवेदन यांची भाषा वेगळी आहे, तर्क तोच आहे. माणूस न पाहता पत्त्यावरून त्याचा निकाल लावणे.

आणि ‘आपल्या माणसांत राहावं’ याबद्दल. १९९२-९३च्या दंगलीनंतर मुंबईतून मुंब्र्याला गेलेल्या कुटुंबांना दोष देण्याचा हक्क कुणालाच नाही. जीव वाचवणे हा गुन्हा नव्हे. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालानेही नोंदवले की सुरक्षिततेच्या भीतीने मुसलमान वेगळ्या वस्त्यांत एकवटत आहेत. पण त्याची किंमतही तिथेच नोंदली आहे. एकवटलेल्या वस्तीकडे पाणी, रस्ता, शाळा, बँक, सगळेच उशिरा पोचते. मुंब्र्यात वाढलेल्या मुलाला हिंदू मित्र कॉलेजात गेल्यावर मिळतो आणि हरणीत वाढलेल्या मुलाला मुसलमान फक्त मोबाइलवर दिसतो. मग भीतीला दोन्हीकडे खतपाणी मिळते. आजची सुरक्षितता आपण मुलांच्या वाट्याच्या सुरक्षिततेतून उसनी घेत असतो.

आपल्या दीनमध्ये शेजाऱ्याचा हक्क किती मोठा आहे हे लहानपणापासून ऐकत आलो. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही त्याचा ईमान पुरा नाही, असा हदीसचा आशय आहे. त्यात शेजारी कोणत्या धर्माचा असावा अशी अट नाही. पण हे पाळायला आधी शेजारी तर असायला हवा! चार किलोमीटरवर शेजारीच नसेल तर हक्क कुणाचा अदा करायचा?

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. ज्या पालिकेने सोडत काढली, तिने लाभार्थ्याला घरात सुखरूप पोचवण्याची जबाबदारीही घ्यावी. चावी दिली की काम संपत नाही. वसाहतीच्या समितीला लेखी कळवावे की वाटप कायदेशीर आहे, आणि पोलिसांनी निवेदन देणाऱ्यांना एकच विचारावे: या व्यक्तीने काय केले आहे? उत्तर नसेल तर निवेदन परत द्यावे. आणि नव्या वसाहती बांधताना दोन इमारतींमध्ये ऊन शिरेल एवढी जागा सोडावी. सुरक्षितता हवी असेल तर सुरुवात तिथून होते.

आणि हो, निवेदनावर ३३ सह्या होत्या. ती महिला सोडली तर वसाहतीत ४६१ घरे आहेत. सव्वाचारशेहून अधिक घरांची सही त्यावर नव्हती. कायद्याने मिळालेले घर तिचेच आहे, असे म्हणणारेही त्यांत होते. त्या महिलेने घर विकायला नकार दिला. कष्टाचे घर आहे, वाट पाहीन, असे तिचे म्हणणे होते. ती एकटी वाट पाहत असेल तर ती हरेल. त्या सव्वाचारशे घरांतली दहा दारे जरी तिच्यासाठी उघडली, तरी ३३ सह्यांचा कागद रद्दी होईल.